काही नेम नाही

ताईच्या छातीवर तीन ठिपके आहेत. सुईच्या टोकाएवढे, निळसर काळे. एक मधोमध आणि दोन बरगड्यांच्या बाजूंना. रेडिएशन सुरू होण्याआधी मोजमापाचा सिटी स्कॅन झाला, त्या दिवशी तंत्रज्ञ मुलीने ते गोंदले. रोज यंत्राखाली झोपवताना भिंतीवरून येणाऱ्या लेझरच्या रेघा याच ठिपक्यांवर जुळवायच्या असतात. ताई तीस वर्षं मुद्रितशोधनाचं काम करते आहे. घरी आल्यावर आरशासमोर उभी राहून म्हणाली, “तीन अनुस्वार देऊन ठेवलेत. अक्षर कुठंय ते त्यांचं त्यांना माहीत.”

अक्षर उजव्या फुफ्फुसात होतं, आणि तिथून दोन फुफ्फुसांच्या मधल्या लसिकाग्रंथींपर्यंत गेलेलं होतं. तिसरा टप्पा. शस्त्रक्रिया करण्याजोगा नाही, पण शरीरभर पसरलाय असंही नाही. हा मधला टप्पा फार चमत्कारिक. त्यात डॉक्टर ‘बरं करण्याच्या उद्देशाने’ असं म्हणतात आणि म्हणताना टेबलावरच्या पेनाकडे बघतात. योजना अशी होती: सहा आठवडे रेडिएशन, सोमवार ते शुक्रवार, एकूण तीस सिटिंग, त्यासोबत आठवड्यातून एकदा किमो, आणि हे सगळं आटोपल्यावर स्कॅनमध्ये आजार वाढलेला नसला तर वर्षभर दर चार आठवड्यांनी इम्युनोथेरपी. आधी गाठीच्या जनुकांची तपासणी झाली होती. त्यात काही ठरावीक बदल सापडले असते तर रस्ता वेगळा असता. औषधाचं नाव ड्युर्व्हॅलुमॅब. ताईने ते कागदावर दोनदा लिहून पाहिलं आणि ‘ड्यु’ ऱ्हस्व की दीर्घ, असं विचारलं. डॉक्टर पहिल्यांदा हसले ते तेव्हा.

त्या सहा आठवड्यांत बाहेरच्या बाकावर बसून मी जे वाचत गेले, आणि पुढे दोन-अडीच वर्षं वाचतच राहिले, त्याबद्दल हे लिहिते आहे. मी डॉक्टर नाही. बाकावर बसणारी आहे.

आधी एका शब्दाचा हिशेब चुकता करायचा आहे. आमच्या आधीच्या पिढीत रेडिएशनला ‘शेक’ म्हणत. विजेचे शेक. त्या शब्दामुळे माझ्या डोक्यात कायम एक भाजणारी, जाळणारी गोष्ट होती. ताई पहिल्या दिवशी बाहेर आली तेव्हा मी विचारलं, “गरम लागलं का गं?” ती म्हणाली, “काहीच लागलं नाही. यंत्र गुणगुणलं आणि संपलं.” मग मी शोधलं. रोजचा डोस २ ग्रे. ग्रे म्हणजे एक किलो वजनामागे एक ज्यूल ऊर्जा. हिशेब केला तर २ ग्रेने त्या जागेचं तापमान वाढतं ते एका अंशाच्या सुमारे दोन हजाराव्या भागाइतकं. तळहातावर फुंकर घातली तरी याहून जास्त ऊब लागेल. पण तेवढ्याच ऊर्जेने प्रत्येक पेशीत डीएनएचे दोन्ही पदर एकदम तुटल्याच्या काही डझन जागा तयार होतात. शेक कसला, ही तर खाडाखोड. निरोगी पेशी ती रात्रभरात बऱ्यापैकी दुरुस्त करून टाकतात. गाठीतल्या पेशींना ते तितकंसं जमत नाही. म्हणून थोडं थोडं, रोज रोज. १९२०च्या दशकात पॅरिसमध्ये क्लोद रेगो यांनी एडक्यांवर प्रयोग केले. एडक्याला वांझ करायला एकच मोठा डोस दिला तर कातडी जळायची आणि तरी काम नीट व्हायचं नाही. तोच डोस विभागून दिला की काम व्हायचं आणि कातडी वाचायची. ताईच्या तीस फेऱ्यांच्या मुळाशी हे एडके आहेत.

एवढं कळलं आणि दुसराच प्रश्न पुढे आला. लसिकापेशी, म्हणजे प्रतिकारशक्तीचं ज्यांच्यावर भागतं त्या पेशी, किरणांना शरीरात सगळ्यात आधी बळी पडणाऱ्यांपैकी आहेत. अगदी लहान डोसनेही मरतात. अस्थिमज्जा बदलायच्या आधी रुग्णाची जुनी प्रतिकारशक्ती पुसून काढायला सगळ्या शरीराला किरणं दिली जातात, ती याच कारणाने. मग एकीकडे किरणांनी या पेशी मारायच्या आणि दुसरीकडे औषध देऊन त्यांनाच कामाला जुंपायचं, हे जमायचं कसं? डॉक्टरांना विचारलं, तर ते म्हणाले, “जमतं कधीकधी. कसं आणि केव्हा, यावरच सगळं आहे.” बाहेर चाळीस माणसं थांबली होती. मी उठले.

घरी हे ताईला समजावून सांगायचा प्रयत्न केला, आणि खरं तर तिनेच मला समजावलं.

मी म्हटलं, कॅन्सरची पेशी आपल्याच पेशींतून झालेली असते. टी-पेशी छातीतल्या थायमस ग्रंथीत तयार होतात, तिथे त्यांची कडक परीक्षा होते, आणि ज्या आपल्याच शरीरावर उलटतील अशा बहुतेक तिथेच काढून टाकल्या जातात. त्यामुळे उरलेल्यांना स्वतःचं ते दिसूनही दिसत नाही.

“हे बरोबर आहे,” ताई म्हणाली. “स्वतः लिहिलेल्या मजकुराची प्रुफं स्वतः वाचू नयेत म्हणतात ते यासाठीच. चूक समोर असते, पण डोळा तिथे काय असायला हवं तेच वाचतो.”

“मग तू काय करतेस?”

“उलट्या क्रमाने वाचते. नाहीतर टाइप बदलून घेते. मजकूर परका दिसायला लागला की चुका वर येतात.”

किरणोपचार आणि इम्युनोथेरपी यांच्या मेळावर मी जे दहा-बारा लेख डोळे ताणून वाचले होते, त्यांतल्या अर्ध्याअधिक गोष्टी या एका वाक्यात बसतात. किरणांनी गाठीतला मजकूर परका दिसायला लागतो. मरणारी पेशी काही खुणा बाहेर टाकते; कॅलरेटिक्युलिन नावाचं एरवी आत असणारं प्रथिन पृष्ठभागावर येतं आणि सफाई करणाऱ्या पेशींना ‘हे उचला’ असं सांगतं. जिवंत राहिलेल्या पेशींवर, आत काय चाललंय त्याचे तुकडे बाहेर मांडणाऱ्या पाट्या वाढतात. आणि माझी सगळ्यात आवडती गोष्ट अशी की डीएनएची जागा पेशीकेंद्रात. तो तिथून सांडून भोवतालच्या द्रवात आला की पेशीला ती विषाणूची लागण वाटते. तिथे सी-गॅस नावाचं एक प्रथिन पहारा देत असतं. त्याला डीएनए चुकीच्या खोलीत सापडला की ते स्टिंग नावाच्या दुसऱ्याला उठवतं, त्यातून इंटरफेरॉन सुटतं आणि आळी जागी होते. मग वृक्षिका पेशी येतात, गाठीचे तुकडे गोळा करून जवळच्या लसिकाग्रंथीत जातात आणि तिथल्या टी-पेशींना दाखवतात: हे बघा, हे आपल्यातलं नाही.

पण तेच इंटरफेरॉन गाठीला सावधही करतं. तिच्या पेशी अंगावर पीडी-एल१ नावाचं प्रथिन चढवतात. टी-पेशीवरच्या पीडी-१ला ते भेटलं की टी-पेशी थबकते. हा ब्रेक मुळात चांगल्या कामाचा, आपलंच शरीर आपण खाऊ नये म्हणून ठेवलेला. गाठ तो स्वतःसाठी वापरते. ड्युर्व्हॅलुमॅब पीडी-एल१ला जाऊन चिकटतं आणि ब्रेक लागू देत नाही. म्हणजे किरणांनी ओळख पटवून द्यायची आणि औषधाने अडवणूक काढायची, असा हा करार. पीडी-१ १९९२ मध्ये तासुकू होंजो यांच्या प्रयोगशाळेत सापडलं. सीटीएलए-४ नावाचा दुसरा ब्रेक सोडवला तर उंदरांच्या गाठी विरघळतात हे जेम्स अ‍ॅलिसन यांनी १९९६ मध्ये दाखवलं. २०१८ चं नोबेल या दोघांचं.

इथे एक आडवळण. ताईला इम्युनोथेरपी मिळणार हे कळल्यावर फोनवर ‘इम्युनिटी वाढवण्याचे’ इतके उपाय येऊन पडले की शेवटी मी आवाजच बंद करून ठेवला. चांगल्या मनाची माणसं, त्यांच्यावर राग नाही. पण या औषधाने काही ‘वाढत’ नाही. ब्रेक निघतो. आणि ब्रेक निघालेली गाडी फक्त हव्या त्याच रस्त्याने जाईल, याची हमी कुणी देत नाही. ती थायरॉइडवर जाते, आतड्यावर जाते, फुफ्फुसावर जाते. हे आम्हाला पुढे कळणार होतंच.

या वाचनात मला एक जुनं भांडण सापडलं, आणि त्यात मी उपचारांपेक्षा जास्त रमले, हे कबूल करते.

न्यूयॉर्कमधला विल्यम कोली हा तरुण सर्जन. त्याची सतरा वर्षांची एक रुग्ण, बेसी डॅशिएल, हाताच्या हाडाच्या सार्कोमाने, म्हणजे हाडा-मांसात उठणाऱ्या कॅन्सरने, १८९१च्या जानेवारीत गेली. ते त्याच्या मनाला लागलं. त्याने रुग्णालयाची जुनी कागदपत्रं उपसली, तेव्हा एक नोंद मिळाली: मानेवर सार्कोमा असलेला एक स्थलांतरित, गाठ पुन्हा पुन्हा काढूनही परत आलेली, मग त्याला धावरे झाला, म्हणजे स्ट्रेप्टोकोकस जंतूंमुळे कातडीला होणारी लागण, आणि ताप उतरता उतरता गाठही गेली. कोली त्या माणसाला शोधायला वस्तीत दारोदार फिरला. सात वर्षांनंतर तो धडधाकट सापडला. त्याच वर्षी कोलीने रुग्णांना मुद्दाम जंतू टोचायला सुरुवात केली, पुढे मारलेल्या जंतूंचं मिश्रण तयार केलं. काही रुग्ण बरे झाले, काही झाले नाहीत, कोण बरं होईल हे त्याला सांगता येईना, आणि त्याच्या नोंदी म्हणजे सगळा गोंधळ.

कोली ज्या मेमोरियल हॉस्पिटलमध्ये काम करायचा तिथेच जेम्स ईविंग आला. हाडाच्या एका सार्कोमाला आजही ज्याचं नाव आहे तो हा विकृतिशास्त्रज्ञ. ईविंगचा भरवसा रेडियमवर. एका खाणमालकाच्या देणगीने हॉस्पिटलला रेडियम मिळालं आणि ईविंगचं वजन वाढत गेलं. कोलीचे जंतू त्याला बिलकूल मान्य नव्हते. रेडियम मोजता येतं, नेमकं ठेवता येतं, त्याचा परिणाम रोज तोच दिसतो. तापाचा भरवसा काय? गंमत म्हणजे कोलीने स्वतःही क्ष-किरण वापरून पाहिले होते. पण दोन माणसांमधलं ते वैर दोन विद्यांचं होऊन बसलं. कोली १९३६ मध्ये गेला. १९६५ मध्ये अमेरिकन कॅन्सर सोसायटीने त्याची पद्धत अप्रमाणित उपचारांच्या यादीत टाकली. त्याची मुलगी हेलन कोली नॉट्स हिने मात्र वडिलांच्या नोंदी वर्षानुवर्षं निवडून, लावून काढल्या आणि १९५३ मध्ये त्यातून एक संशोधन संस्था उभी केली.

हे मी ताईला सांगितलं तेव्हा तिची सहानुभूती ना कोलीला, ना ईविंगला. “नोंदी लावणारीला,” ती म्हणाली.

या दोन विद्या पुन्हा भेटल्या त्या एका विचित्र शब्दाच्या आडोशाने. १९५३ मध्येच आर. एच. मोल या ब्रिटिश शास्त्रज्ञाने ‘अ‍ॅब्स्कोपल’ असा शब्द बनवला. ‘अ‍ॅब’ म्हणजे पासून दूर, ‘स्कोपस’ म्हणजे नेम. किरणं एका जागी द्यावीत आणि परिणाम दुसरीकडेच दिसावा, तो नेमापासून दूरचा परिणाम. क्वचित घडतो. किती क्वचित? १९६९ ते २०१४ या काळात छापून आलेल्या अशा घटना कुणीतरी मोजल्या, त्या ४६ भरल्या. या पंचेचाळीस वर्षांत जगात किरणोपचार किती लाखो लोकांनी घेतले असतील, याचा अंदाज ज्याचा त्याने करावा. हे नक्की काय आहे, याचा माग सांड्रा डेमारिया आणि सिल्व्हिया फॉर्मेंटी या दोघींनी काढला. २००४ मध्ये त्यांनी उंदरांत दाखवलं की दूरची गाठ कमी होते ती टी-पेशी असतील तरच. टी-पेशी नसलेल्या उंदरांत होत नाही. किरणं म्हणजे शरीरात जागच्या जागी बनवलेली लस, अशी त्यांची कल्पना.

आणि मग २०१२ सालची ती घटना. मेलानोमाचा, म्हणजे कातडीच्या एका कॅन्सरचा, एक रुग्ण, सीटीएलए-४चा ब्रेक सोडवणारं इपिलिमुमॅब चालू, तरी आजार हळूहळू वाढत होता. मणक्याजवळच्या गाठीने पाठ दुखायला लागली म्हणून, दुखणं कमी व्हावं एवढ्याचसाठी, तिथे तीन सिटिंग रेडिएशन दिलं. काही महिन्यांनी ती गाठ तर आक्रसलीच, पण फुफ्फुसाच्या मुळाशी असलेल्या ग्रंथी आणि प्लीहेतले डागही आक्रसले, जिथे किरणं गेलीच नव्हती. हे झालं ते त्याच मेमोरियलमध्ये, जिथे कोली आणि ईविंग एकमेकांचं तोंड बघत नव्हते.

रात्री दोन वाजता मी हे वाचलं. ताई पलीकडच्या खोलीत खोकत होती. मला वाटलं, झालं. हेच पाहिजे.

दुसऱ्या दिवशी डॉक्टरांना विचारलं, तेव्हा त्यांनी फार सौम्यपणे सांगितलं की तुमच्या बहिणीच्या बाबतीत दूरची गाठच नाही, तर दूरचा परिणाम दिसणार कुठे? आहे ते सगळं किरणांच्या क्षेत्रातच आहे. दिसत नाहीत अशा पेशी कुठे गेल्या असतील तर औषध त्यांच्यासाठी. एवढी साधी गोष्ट मला सुचली नव्हती. एका चांगल्या गोष्टीच्या प्रेमात पडून मी ताईचे रिपोर्ट वाचायचेच विसरले होते.

माझ्यासारखे बरेच लोक त्या गोष्टीच्या प्रेमात पडले होते, हे नंतर कळलं. २०१२ नंतर किरणं आणि इम्युनोथेरपी एकत्र देऊन बघण्याची लाट आली. मोजून-मापून तुलना केल्यावर काय दिसलं? डोक्या-मानेच्या पसरलेल्या कॅन्सरमध्ये ६२ रुग्णांना निव्होलुमॅब हे ब्रेक सोडवणारं औषध दिलं, त्यांतल्या निम्म्यांच्या एका गाठीवर नेमकं रेडिएशनही दिलं. बाकीच्या गाठींत दोन गटांत म्हणण्याजोगा फरक नाही. डोक्या-मानेच्याच, पण न पसरलेल्या आजारात किमो-रेडिएशनसोबत अ‍ॅव्हेलुमॅब हे त्याच जातीचं औषध दिलं. उपयोग दिसला नाही. तसंच पेम्ब्रोलिझुमॅब दिलं, तिथेही चाचणीने यशाची आधी ठरवलेली रेघ ओलांडली नाही. गर्भाशयमुखाच्या कॅन्सरमध्ये तर कमाल. किमो-रेडिएशनसोबत ड्युर्व्हॅलुमॅब दिलेली चाचणी फसली आणि पेम्ब्रोलिझुमॅब दिलेली, दिसायला जवळजवळ तशीच चाचणी यशस्वी झाली. तीन वर्षांनी जिवंत असलेल्या बायकांचं प्रमाण ७४.८ टक्क्यांवरून ८२.६ टक्क्यांवर गेलं. असं का, यावर अजून वाद चालू आहेत.

“म्हणजे काही नेम नाही म्हण,” ताई म्हणाली. ती गिळताना दुखतंय म्हणून गळ्याशी हात धरून बसली होती. चौथ्या आठवड्यात अन्ननलिका सोलवटून निघते, ते चालू होतं. मी हसले. नेमापासून दूरच्या परिणामाचा काही नेम नाही, हे मराठीतच म्हणता येतं.

नेम का नाही, याचे काही धागे मात्र हाताला लागतात, आणि मला त्यांतला पहिला फार आवडतो. उंदरांमध्ये २० ग्रेचा एकच दणका दिला तर, औषध सोबत असूनही, दूरच्या गाठीला काही होत नाही. ८ ग्रे तीनदा दिलं की होतं. कारण काही अंशी असं: डोस एका मर्यादेपलीकडे गेला की पेशीत ट्रेक्स-१ नावाचं प्रथिन वाढतं आणि ते बाहेर सांडलेला डीएनए खाऊन साफ करून टाकतं. पुरावाच नाहीसा. पहारेकऱ्याला सापडायला काही उरत नाही. जास्त जोर लावला तर जास्त फायदा, हे आपल्या हाडीमाशी खिळलेलं गणित इथे चालत नाही. ताईने याला लगेच दाद दिली. तिच्या मते प्रुफावर प्रत्येक ओळीत लाल करून ठेवलं की जुळवणारा खुणा बघायचंच सोडून देतो.

दुसरा धागा लसिकाग्रंथींचा. कॅन्सर कुठे लपून राहू नये म्हणून शेजारच्या, वरवर निरोगी ग्रंथींनाही किरणं देण्याची रीत बऱ्याच कॅन्सरमध्ये आहे, आणि तिला कारणंही आहेत. पण वृक्षिका पेशी पुरावा घेऊन जातात त्या याच ग्रंथींत. टी-पेशींना शिकवायची शाळा तिथेच भरते. सहा आठवडे रोज त्या शाळेवर किरणं पडत असताना आत धडे गिरवले जातील ही अपेक्षा जरा जास्तच. डोक्या-मानेच्या चाचण्या फसल्या त्यामागे हे एक कारण असावं असं पुष्कळ जाणकारांना वाटतं. मलाही पटतं, पण माझ्या पटण्याला किंमत नाही.

तिसरा धागा क्रमाचा, आणि ताईचा उपचार त्याच्यावरच उभा होता. पॅसिफिक नावाची चाचणी: तिसऱ्या टप्प्याच्या, शस्त्रक्रिया न होऊ शकणाऱ्या फुफ्फुसाच्या कॅन्सरचे ७१३ रुग्ण. किमो-रेडिएशन पूर्ण झालं, आजार वाढलेला नाही, अशांपैकी दर तिघांतल्या दोघांना वर्षभर ड्युर्व्हॅलुमॅब आणि एकाला औषधाचा नुसता भास. आजार पुन्हा वाढेपर्यंतचा काळ मध्यकाने मोजला तर ५.६ महिन्यांऐवजी १६.८ महिने. हे २०१७ मध्ये जाहीर झालं, आणि पाच वर्षांनी जिवंत असलेल्यांचं प्रमाण निघालं ४२.९ टक्के, औषध नसलेल्यांत ३३.४. मग साहजिकच कुणालाही वाटेल तसं संशोधकांना वाटलं: रेडिएशननंतर दिल्याने इतका फायदा, तर पहिल्या दिवसापासून सोबत दिलं तर? पॅसिफिक-२ मध्ये तसंच केलं. फायदा दिसला नाही. तेच औषध, तोच आजार, तीच किरणं. क्रम बदलला आणि हाती काही आलं नाही. शाळेवरचे किरण थांबल्यावर वर्ग भरवायचा, असं मी स्वतःपुरतं समजून घेतलं.

तीस दिवस भरले. शेवटच्या दिवशी तंत्रज्ञ मुलीने ताईला सांगितलं, “मावशी, आता हे ठिपके पुसायचे नाहीत बरं का.” ताई म्हणाली, “अगं, पक्क्या शाईचे आहेत.” महिनाभराने पहिलं औषध. तासाभराची सलाइन, काही नाही, घरी. दुसरं, तसंच. तिसऱ्यानंतर खोकला परत आला, कोरडा, जिना चढताना धाप. मी सगळ्यात वाईट तेच धरून बसले.

स्कॅनमध्ये उजव्या फुफ्फुसात एक धुरकट पट्टा दिसला आणि त्याची कड अगदी सरळ, पट्टी ठेवून रेघ मारावी तशी. शरीरातला आजार सहसा असा सरळ रेघेत वाढत नाही. ती किरणांच्या क्षेत्राची हद्द होती. न्यूमोनायटिस, म्हणजे फुफ्फुसाचा दाह. रेडिएशनचा म्हणावा तर औषध सुरू झाल्यावर उमटलेला. औषधाचा म्हणावा तर बरोबर किरणं पडली तेवढ्याच जागी. डॉक्टरांनी दोन्हींकडे बोट दाखवलं. पॅसिफिकमध्येही औषध घेणाऱ्यांत न्यूमोनायटिस ३३.९ टक्के लोकांना झाला होता आणि न घेणाऱ्यांत २४.८, गंभीर मात्र दोन्हीकडे थोड्यांनाच. उपाय स्टेरॉइड. म्हणजे जी प्रतिकारशक्ती मोकळी सोडायला औषध दिलं, तिलाच आवरायला दुसरं औषध. ताईला रात्री झोप येईना, चेहरा सुजला, स्वभाव असा झाला की आठ आठवडे मी तिच्याशी जपून बोलत होते. ड्युर्व्हॅलुमॅब थांबलं. मग स्टेरॉइड हळूहळू उतरवलं, धूर विरला, आणि ते पुन्हा सुरू झालं. चुकलेले डोस भरून काढायचे नसतात, हे ऐकून ती नाराज झाली; तिला अर्धवट पानं आवडत नाहीत.

त्या काळात एकदा तिने विचारलं, “तुझे ते ४२.९ आणि ३३.४. वजाबाकी कर.”

“साडेनऊ.”

“म्हणजे शंभरांत साडेनऊ जणांना या औषधाने तारलं. बाकीचे? काही औषधाशिवायही तगले असते, काही औषध घेऊनही गेले.”

“हो.”

“आणि मी कुठल्यात हे कोण सांगणार?”

कुणीच नाही. पाच वर्षांनी ताई तगली तरी सांगता येणार नाही की ती त्या साडेनऊतली की आधीच्या तेहेतीसमधली. मी गप्प बसले. ती म्हणाली, “बरं आहे. श्रेयाची भानगड नाही,” आणि चष्मा लावून कुणाच्या तरी कवितासंग्रहाची शेवटची प्रुफं ओढली.

शेवटच्या औषधाला आता दीड वर्ष होऊन गेलं. दर काही महिन्यांनी स्कॅन होतो. त्या पट्ट्याच्या जागी एक वण आहे, तो प्रत्येक वेळी रिपोर्टमध्ये येतो, आणि त्याच्यापुढे ‘पूर्वीप्रमाणेच’ अशा अर्थाचे दोन शब्द. स्कॅन झाल्यापासून रिपोर्ट हातात पडेपर्यंतचे दोन दिवस आम्ही दोघीही अत्यंत क्षुल्लक गोष्टींवरून भांडतो.

मागच्या खेपेस लिफाफा तिनेच उघडला. पहिली ओळ वाचली, दुसरी वाचली, आणि तिचं बोट थांबलं. माझ्या पायांतलं बळ गेलं. तिने पर्समधून पेन्सिल काढली, एका शब्दाखाली रेघ मारली, समासात खूण केली आणि खिडकीपाशी जाऊन तो कागद आतल्या तरुण डॉक्टरसमोर ठेवला. वण डाव्या फुफ्फुसात असल्याचं छापलं होतं. तो बिचारा कानापर्यंत लाल झाला, दोनदा माफी मागितली, आत जाऊन तपासून आला. दहा मिनिटांनी नवी प्रत मिळाली. ताईने ती उभ्या उभ्या, शेवटाकडून सुरुवातीकडे, एकेक शब्द वाचून काढली. ‘डावं’च्या जागी ‘उजवं’ आलं होतं. बाकी मजकूर पूर्वीप्रमाणेच.